बाग नसलेली फराहबाग

मुलांनो, तिसगावहून नगरला निघालेली एष्टी करंजीचा घाट मागं टाकते आणि थोड्या वेळानं सगळ्या माना खिडकीकडं वळतात. डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसायला लागतो ना! आमची चौथीची पोरं तर खिडकीसाठी भांडलीच. तीन मजली, अष्टकोनी, दगडी इमारत. पण खरं सांगू का? तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. त्यानंच बांधलेली एक वास्तू बघायला आम्ही सहलीला निघालो होतो. फराहबाग!

भिंगारला उतरलो आणि पुढं पायी गेलो. हा लष्कराचा भाग, त्यामुळं ओळीत आणि गप्प चालायचं, हे आधीच बजावलं होतं. (ओळ राहिली, गप्प कोणी राहिलं नाही.) मोठ्या चौकोनी तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल उभा आहे. तलाव मात्र कोरडा. आजूबाजूला गवत आणि झुडपं.

"गुरुजी, बाग कुठंय?" एका मुलीनं विचारलं.

फराह म्हणजे आनंद. आनंदाची ही बाग मूर्तझा निजामशहासाठी केलेली. त्यानं १५६५ ते १५८८ राज्य केलं. इथं आधी बांधलेला महाल त्याला आवडला नाही, म्हणून पाडायला लावला. मग सलाबतखानानं नव्यानं काम करून १५८३ साली पुरं केलं. बांधलेला महाल पाडला, हे पोरांना काही पटेना. वर्गातल्या एकाच्या घराचं बांधकाम दोन वर्षं खिडकीच्या उंचीवर थांबलंय. तो तर म्हणाला, "येडाच होता राजा!" मी गप्प बसलो.

मधल्या दालनावर सुमारे तीस फूट उंच घुमट आहे. त्याखाली सगळ्यांनी टाळ्या वाजवून घेतल्या. हा राजा दिल्लीच्या एका गवयाबरोबर इथं बुद्धिबळ खेळत बसायचा, असं सांगतात. भर उन्हाळ्यातही बसता येत असणार. तलावावरून येणारा वारा गार होऊनच आत शिरायचा. माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना, तीच युक्ती! वर जाड भिंती, उंच छत.

पण एवढं पाणी आणलं कुठून? पाथर्डी तालुक्यातल्या मुलांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. टँकरपुढं हंड्यांची रांग त्यांनी पाहिलेली असते. निजामशाहीत नगरला लांबून पाणी यायचं ते खापरी नळांनी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळांनी. पंप नाही, वीज नाही. उंचावरच्या पाण्याला जमिनीखालून थोडा थोडा उतार देत आणायचं. उतार जास्त झाला तर नळ फुटणार, कमी झाला तर पाणी अडणार.

"आणि एक जरी नळ फुटला तर?" तीच मुलगी.

"तर पुढचं सगळं कोरडं."

तिनं तलावाकडं पाहिलं. बाग कुठंय, हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिथंच डबे सोडले. खाता खाता मी भातोडीच्या तलावाची गोष्ट सांगितली. तोही सलाबतखानानंच बांधला. १६२४ साली मलिक अंबरनं याच तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली. त्या लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी कामी आले. पुढं इंग्रजांनी तलाव दुरुस्त केला. राजाचा तलाव आटला, शेताचा राहिला. मला स्वतःला सलाबतखानाचं हेच काम जास्त आवडतं.

परतीच्या एष्टीत निम्मी पोरं पेंगत होती. डोंगर दिसताच एकजण ओरडला, "सलाबतखानाची कबर आली!"

कंडक्टर हसले. "अरे बाळा, तो चांदबिबीचा महाल!"

मग काय, सगळी गाडी जागी झाली. करंजी येईपर्यंत पोरं कंडक्टरांना फराहबाग समजावून सांगत होती.