आपली पत आपणच वाचावी!

‘पत’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. किराणा दुकानदार ‘राहू द्या हो वहिनी, पैसे काय पळून जातात का?’ असं म्हणत वहीत मांडून घेतो, ती आपली पतच. बँकाही अशी वही बघतात. फक्त ती बँकेत नसते, क्रेडिट ब्युरोकडे असते. आपल्याकडे असे चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज कधी घेतलं, हप्ता कुठे चुकला, जामीन कोणाला राहिलात, सगळं त्यात असतं. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये गुण मिळतात. साधारण ७५० च्या पुढे असलात, की बँक खूश!

गंमत म्हणजे, ही वही बँक वाचते, फायनान्सवाला वाचतो. वाचत नाही ती फक्त आपण.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचंच बघा ना. शिलाईची दोन नवी मशिन्स घ्यायची म्हणून तिनं कर्जाचा अर्ज केला. बँकेनं नाही म्हटलं. घरी तर ‘तुला कोण देणार कर्ज?’ हे ऐकून घ्यावं लागलंच. आम्ही दोघींनी तिचा रिपोर्ट काढला. तर काय, चार वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला फ्रिज त्यात अजून थकीत! पठ्ठीनं ब्लाउज शिवून एकेक हप्ता वेळेवर भरला होता. पण फायनान्स कंपनीनं कर्ज फिटल्याचं कळवलंच नव्हतं. नशीब, कर्ज फिटल्याचा दाखला तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता. तक्रार केली, नोंद दुरुस्त झाली आणि मशिन्स आली.

रिपोर्ट मिळवणं अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक ब्युरोनं मागणाऱ्याला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट गुणांसकट फुकट द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार झाले. एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एकेक काढा. ब्युरोच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर जायचं, नाव, जन्मतारीख, पॅन नंबर भरायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. मध्येच पैसे भरायच्या योजना पुढे येतात, त्यांच्याकडे लक्ष न देता ‘फ्री रिपोर्ट’ तेवढा शोधायचा. आणि आपला रिपोर्ट आपणच बघितला म्हणून गुण कमी होत नाहीत बरं का!

रिपोर्ट हाती आला की नीट वाचा. लग्नानंतर आपली नावं बदलतात. पॅनवर माहेरचं आणि बँकेत सासरचं, असं असेल तर घोळ होऊ शकतो. न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर नाही ना, हे बघा. दिरासाठी, भाच्यासाठी ‘नुसती सही’ केली असेल, तर तो जामीनही तिथे दिसू शकतो. त्यानं हप्ते थकवले तर झळ तुम्हाला. तडजोड करून मिटवलेल्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा असतो, तो बँकांना आवडत नाही. कधी कर्जच घेतलं नसेल तर गुण नसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चूक सापडली तर त्याच संकेतस्थळावर तक्रार करा. पैसे पडत नाहीत. ब्युरो बँकेला विचारून दुरुस्ती करतो. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारची आवराआवर झाली, की पॅनकार्ड आणि मोबाईल घेऊन बसाच. जमत नसेल तर कॉलेजातल्या लेकीला शेजारी बसवा. मात्र फोनवर कोणी ‘तुमचा सिबिल वाढवून देतो’ म्हणालं, तर ओटीपी काय, साधं नावसुद्धा सांगू नका!