शीर आखडते म्हणजे नेमकं काय होतं? थंडीत पुन्हा धावायला लागताना

(थंडीतल्या धावण्यावरील जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

जरा हात वर करा. पावसाळ्यात धावणं बंद पडलं आणि दिवाळीनंतर पुन्हा बूट बाहेर काढले, असे किती जण आहेत? बरं, निम्मं सभागृह. आता त्यातल्या ज्यांची मांडी मागच्या बाजूनं दुखतेय त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) फारसे खाली आले नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात जानेवारीचा तिसरा रविवार आहे, मुंबई मॅरेथॉनचा. दिवाळी लवकर आली तर हातात बारा-तेरा आठवडे मिळतात, उशिरा आली तर नऊच. पैसे भरून झालेत, घरी-दारी सांगून झालंय, आणि नेमकी तेव्हाच मांडी मागून ओढायला लागते. मग माणूस काय करतो? कट्ट्यावर टाच ठेवतो आणि वाकून जोरजोरात ताणतो. चार दिवस, आठ दिवस. आणि दुखणं तिथंच.

असं का होतं, ते समजायला हा हॅमस्ट्रिंग करतो काय ते बघावं लागेल. हा एक स्नायू नाही, तीन स्नायूंचा गट आहे. आपण ज्यावर बसतो त्या बैठकीच्या हाडापासून तो निघतो आणि गुडघ्याच्या खाली दोन्ही बाजूंना जाऊन चिकटतो. म्हणजे खुबा आणि गुडघा, दोन्ही सांधे ओलांडतो. धावताना पाय पुढे झेपावतो तेव्हा गुडघा झपाट्यानं सरळ होत असतो. पाऊल टेकायच्या आधी त्याला ब्रेक लावायचं काम याचं. गच्चीवरून जड पिंप दोरानं खाली सोडताना आपण दोर सोडतोही आणि धरूनही ठेवतो, तसं. लांब होत होत जोर लावायचा. स्नायूला सगळ्यात जास्त शिणवणारं काम हेच. सवय नसताना ते केलं की दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण म्हणतो ‘शीर आखडली’. पण आखडल्यासारखं वाटणं आणि स्नायू खरोखर आखूड असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा माणसाला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून बघितला, तर पुष्कळदा दुखरा पाय दुसऱ्याइतकाच वर जातो. लांबी आहे. कमी पडतेय ती ताकद. तीन-चार महिने ब्रेकचं काम नसल्यानं स्नायू थोडा मऊ पडलाय, आणि आपण मात्र जूनमधलं अंतर नोव्हेंबरमध्ये मागतोय. दम दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी परत येतो, स्नायूबंधांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. फसगत होते ती इथं: छाती म्हणते चल, मांडी म्हणते थांब. माझ्या मते तो ओढल्यासारखा ताण म्हणजे स्नायूनं कामाबद्दल केलेली तक्रार आहे. तक्रार करणाऱ्याला आणखी ओढून काय मिळणार?

थंडीचं म्हणाल तर ती मूळ कारण नाही, पण भर घालते. पुण्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो, निफाडकडे त्याहून खाली. गार स्नायू सावकाश आकुंचन पावतो, ताठ वाटतो. म्हणून घरातून निघाल्या-निघाल्या पळू नका. दहा मिनिटं झपझप चाला, कठड्याला धरून पाय पुढे-मागे झुलवा, मग हळू पळा. स्थिर उभं राहून ताणत बसणं म्हणजे वॉर्मअप नव्हे.

मग करायचं काय? आठवड्यात तीन दिवस, एक दिवसाआड. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, असं वीस-पंचवीस मिनिटं. वेग इतकाच, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. पावलं थोडी लहान आणि थोडी जलद टाका. पाय लांब फेकला की ब्रेक जास्त लागतो. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वपदावर येत असेल तर चालू ठेवा. त्याच्यावर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी वाढलं, तर पुढच्या वेळी कमी पळा. जोरात पळणं सगळ्यात शेवटी आणायचं.

आणि ताकद. ती आठवड्यातून दोनदा हवीच. सेतुबंधासन तुम्हाला येतं. त्यात टाचा नितंबांपासून थोड्या लांब ठेवा, काम मांडीच्या मागे जाईल. ते सोपं झालं की टाचांखाली जुना टॉवेल घ्या आणि गुळगुळीत फरशीवर, कंबर उचललेली ठेवून, टाचा सावकाश पुढे सरकवा. पुढे पाच लिटरचा तेलाचा कॅन हातात धरून, एका पायावर, पाठ सरळ ठेवून वाकणं. आणखी एक प्रकार आहे, नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे धरायचे, आणि शरीर हळूहळू पुढे सोडायचं. डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांवर याचा अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे ७० टक्क्यांनी कमी होत्या. अर्थात ते खेळाडू सुसाट धावणारे, आपण लांब पल्ल्याचे. आकडा जसाच्या तसा उचलू नका. आणि आत्ता मांडी दुखत असताना नॉर्डिकपासून सुरुवात तर मुळीच नको.

सगळं दुखणं एकाच जातीचं नसतं. बैठकीच्या हाडाशीच दुखत असेल, गाडीत तासभर बसल्यावर वाढत असेल, तर दुखणं स्नायूबंधाचं असण्याची शक्यता जास्त. त्याला पश्चिमोत्तानासनासारखं वाकणं त्रास देतं, कारण बंध हाडावर दाबला जातो. गुडघ्याखाली मुंग्या, बधिरपणा, किंवा बसून मान खाली घातल्यावर पायात कळ येत असेल तर पाठ तपासून घ्या. आणि पळताना ‘कट्’ झालं, पाय टेकवेना, काळंनिळं पडलं, तर थेट डॉक्टरांकडे जा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : शेकायचं की बर्फ लावायचा?)

नुसत्या ताठपणाला गरम पाण्याचा शेक बरा वाटतो, घ्या. बर्फानं ताज्या दुखापतीची कळ थोडी कमी होते. दोन्हींनी ताकद येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

(प्रश्न : मी अर्ध्या मॅरेथॉनचे पैसे भरलेत. पळू का?)

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात १५-१६ किलोमीटर रमतगमत करून बघा, हवं तर चालत-पळत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून बुटाची नाडी नेहमीसारखी बांधता आली तर पळा, वेळेचं लक्ष्य सोडून. पेडर रोडच्या चढावर चाललात तरी चालेल. बांधता आली नाही, तर यंदा त्या रविवारी रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि पळणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटा.