अंकांची गंमत

बाहेर पावसाची झड लागलेली आहे. अंगणात चिखल झाला आहे आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर मुले अडकून पडली आहेत. अशा वेळी घरातील आजी सुपारी कातरता कातरता नातवाला म्हणते, “मनात एक संख्या धर बरे! धरलीस? आता तितकेच तुझ्या मित्राकडून उसने घे. त्यात माझे दहा मिळव. झाली बेरीज? त्यातले निम्मे गणपतीपुढे ठेव. मित्राचे मित्राला परत कर. तुझ्याजवळ उरले पाच!”

नातू थक्क होतो. तो पुन्हा निराळी संख्या मनात धरतो, चांगली मोठी, हिशेब करताना बोटे अपुरी पडतील अशी. तरीही शेवटी पाचच उरतात. आजीला मनातले ओळखता येते, अशी त्याची खात्री होऊ लागते.

वस्तुतः आजी मनातले मुळीच ओळखत नाही. तिला ते ओळखण्याची गरजच नसते. मुलाने मनात धरली तितकीच संख्या त्याने मित्राकडून घेतली, म्हणजे मूळ संख्येची दुप्पट झाली. तीत दहा मिळवून निम्मे केले, की मूळ संख्या आणि पाच एवढे राहते. मित्राचे परत केले की मूळ संख्याही गेली. उरलेले पाच हे आजीच्याच दहांचे निम्मे होत! आजीने दहांऐवजी चौदा दिले असते, तर सात उरले असते. जी संख्या आपणांस ठाऊक नाही, तिला हाताशी धरून हिशेब पुरा करावयाचा, ह्यालाच पुढे शाळेत बीजगणित म्हणतात. आजीने ते नाव कधी ऐकलेलेही नसते.

गणित आणि कोडे ह्यांची ही सोयरीक आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘लीलावती’ हा ग्रंथ रचला. त्यातील कितीतरी उदाहरणे भुंगे, हंस, मोर आणि कमळे ह्यांच्याविषयी आहेत. एवढ्या थोर पंडितालाही गणित गमतीच्या रूपाने सांगण्यात कमीपणा वाटला नाही.

अलीकडच्या काळात हाच छंद ज्यांनी जन्मभर जोपासला, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर होत. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड असल्याने घरात आकडेमोड चाले. शालेय शिक्षण ठाण्यास पुरे करून कापरेकर १९२३ साली पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात दाखल झाले. १८८५ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय त्या काळी गणिताच्या अभ्यासासाठी नावाजलेले होते. केंब्रिज विद्यापीठात १८९९ साली सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळवणारे पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, ह्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक स्वतंत्र विचाराने लिहिलेल्या निबंधास दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांनी पटकावले.

पुढे त्यांनी मोठ्या पदव्या मिळवल्या असतील, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. बी. एस्सी. होऊन ते नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत मुलांना गणित शिकवीत राहिले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळी संख्यांची संगत, असा त्यांचा क्रम होता. त्यांना हवे असे ते फक्त कागद आणि पेन्सिल.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध खेळ कोणासही खेळता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून होणारी सर्वांत मोठी संख्या मांडावी आणि तिच्यातून त्याच अंकांची सर्वांत लहान संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. फर्गसन महाविद्यालयाच्या स्थापनेचे वर्ष १८८५ घेऊन पाहू :

८८५१ − १५८८ = ७२६३
७६३२ − २३६७ = ५२६५
६५५२ − २५५६ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे अंक पुन्हा मांडले, तर ७६४१ मधून १४६७ वजा करावे लागतात आणि उत्तर पुन्हा ६१७४ च येते. गाडी शेवटच्या स्थानकात येऊन थांबली! नवल असे की, आरंभी कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात वजाबाक्यांत ती ह्याच स्थानकात येते. खुद्द कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर पुरत्या सात वजाबाक्या कराव्या लागतात; पहिली ९५१० − ०१५९ = ९३५१ ही होय. जणू आपल्या मास्तरांची भेट लवकर संपू नये असे ६१७४ ला वाटत असावे.

ह्या पहिल्या वजाबाकीत शून्य पुढे लिहिले आहे, ते उगाच नव्हे. एखाद्या मुलाने २१११ ही संख्या घेतली, तर २१११ − १११२ = ९९९ असे उत्तर येते. येथे तीनच अंक दिसतात. मुलगा घाईघाईने पुढे ९९९ − ९९९ = ० असे लिहितो आणि कापरेकरांचा नियम आपण खोटा पाडला म्हणून आनंदाने ओरडतो. परंतु खेळ चार अंकांचा आहे. म्हणून उत्तर ०९९९ असे लिहावयास हवे. मग ९९९० − ०९९९ = ८९९१ येते आणि पुढे तीन वजाबाक्यांत गाडी रुळावर येऊन ६१७४ ला पोहोचते.

असे का होते? मोठ्या संख्येतील पहिला अंक हजारांच्या घरात असतो. लहान संख्येत तोच एककाच्या घरात जातो आणि शेवटचा अंक हजारांच्या घरात येतो. त्यामुळे ह्या दोन अंकांत एकाचा फरक असेल, तर वजाबाकीत १००० − १, म्हणजे ९९९ चा फरक पडतो. दोनाचा असेल, तर त्याच्या दुप्पट. मधले दोन अंक शतक आणि दशक ह्यांची अदलाबदल करतात. तेथे प्रत्येक एकामागे १०० − १०, म्हणजे ९० चा फरक पडतो. ७६४१ मध्ये बाहेरच्या अंकांचा फरक ६ आणि मधल्यांचा २ आहे. म्हणून उत्तर ६ × ९९९ + २ × ९० = ५९९४ + १८० = ६१७४.

म्हणजे वजाबाकीचे उत्तर केवळ ह्या दोन फरकांवर अवलंबून असते. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी कोणताही असेल. मधला फरक शून्यापासून बाहेरच्या फरकापर्यंत असेल, त्याहून मोठा असू शकणार नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ८९९१ आहेत. पण पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या ५४ उत्तरांत येऊन बसतात. चाळणीतून एवढे धान्य गाळले गेले, की उरलेले मूठभर निवडणे सोपे. ती ५४ उत्तरे एकेक करून तपासली की सर्वांची वाट ६१७४ कडेच जाते असे आढळते. तीन अंकी संख्यांनाही ४९५ हे असेच एक स्थानक आहे. दोन अंकी संख्यांना मात्र ते नाही. त्या ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३ अशा फेऱ्या घालीत राहतात.

हा शोध कापरेकरांना १९४६ साली लागला आणि १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. पण तेवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली तर पुन्हा ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. हा दुसरा चमत्कार इंग्लंडमधील कोडेकार हेन्री ड्यूडनी ह्यांनी १९१७ सालच्या आपल्या पुस्तकात फाटलेल्या चिठ्ठीच्या रूपाने सांगितला होता. कापरेकरांनी मात्र अशा संख्यांचा मागोवाच घेतला. ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ ह्या त्याच कुळातील होत. आता त्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

संख्यांना नावे देण्याची त्यांची हौसही मोठी होती. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. ही शिडीसारखी चढणारी आणि उतरणारी मालिका त्यांना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, त्याच्या ‘डेम्लो’ ह्या नावावरून त्यांनी हिला डेम्लो संख्या म्हटले. हे डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी संख्या. १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून १२ हर्षद. रामानुजनांच्या नावाशी जोडलेली १७२९ हीही हर्षदच; तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९.

आणखी एक प्रकार तर फारच मौजेचा आहे. २१ मध्ये तिचेच अंक २ आणि १ मिळवले, की २४ होतात. म्हणजे २१ ही २४ ची जननी. १०१ ला अशा दोन जननी आहेत, ९१ आणि १००. परंतु २०, ३१, ४२, ५३ ह्यांना एकही नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवले, तरी त्या हाती येत नाहीत. म्हणून त्या स्वयंभू! कापरेकरांनी त्यांना आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले. जपाच्या माळेत १०८ मणी असतात. ती १०८ ही संख्याही स्वयंभू आहे.

ह्या साऱ्याचे चीज लवकर झाले असे मात्र नाही. अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. ह्यातून कोणते मोठे सिद्धांत निघणार, असे ते विचारीत. तो प्रश्न अगदीच गैर होता असेही म्हणता येत नाही. पण कापरेकर त्याने खचले नाहीत. लहान नियतकालिकांत लेख पाठवावेत, स्वतःच छोट्या पुस्तिका छापाव्यात, शाळांनी बोलावले की जाऊन मुलांना हे खेळ दाखवावेत, असे त्यांचे चाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनात भागेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या. पुढे मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ ह्या मासिकात मार्टिन गार्डनर ह्यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या ह्या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय ७० वर्षांचे होते. १९८६ साली ते निवर्तले.

चार अंकांच्या खेळाने ज्यांचे मन भरले नाही, त्यांनी पाच अंकी संख्या घ्यावी. येथे एकही स्थानक नाही; आहेत ती तीन निरनिराळी वर्तुळे. त्यांतील सर्वांत लहान वर्तुळात दोनच संख्या आहेत, ५३९५५ आणि ५९९९४. पहिलीवर क्रिया केली की दुसरी येते, दुसरीवर केली की पहिली. उरलेल्या दोन वर्तुळांत प्रत्येकी चार संख्या आहेत. त्यांतील एक ६१९७४ पासून शोधता येईल. दुसरीचा ठावठिकाणा मात्र येथे दिलेला नाही.