मावळातील वसंतकालीन पुष्पशेती

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लहान शेतकरी फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत फुलझाडांची जी निगा राखतात व पुढील वर्षाची जी आखणी करतात, तिचा वसंतकालीन पुष्पशेतीत समावेश होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यापासून पूर्वेस तळेगाव दाभाडेपर्यंत पसरलेल्या या तालुक्यात इंद्रायणी व पवना या नद्यांची खोरी असून भात हे परंपरागत पीक आहे. सु. ६०० मी. उंची, सौम्य हवामान आणि मुंबई–पुणे मार्गाचे सान्निध्य यांमुळे येथे हरितगृहातील डच गुलाबाची लागवड वाढली. लहान शेतकऱ्याचे हरितगृह बहुधा १० ते २० गुंठ्यांचे असते. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृह व्यवस्थापनाचे प्रशिक्षण मिळते.

तोडणीनंतरची निगा : १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनासाठी निर्यातीची तोडणी जानेवारीच्या अखेरीपासून सुरू होऊन फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. यानंतर झाड थकलेले असते. वाळलेल्या व रोगट फांद्या छाटून टाकतात. बारीक, फुलास निरुपयोगी असलेल्या फांद्या तोडण्याऐवजी वाफ्याच्या कडेला वाकवितात. त्यांवरील पाने अन्न तयार करीत राहतात व बुडाशी जोमदार फुटवे येतात. छाटणीपासून फूल तोडणीस येण्यास सु. ४५ ते ५० दिवस लागत असल्याने पुढचा बहर मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, म्हणजे गुढी पाडवा व लग्नसराई यांच्या सुमारास, मिळतो.

उन्हापासून संरक्षण : उष्णता वाढली की फूल लवकर उमलते, परंतु कळी लहान व दांडा आखूड राहून भाव उतरतो. म्हणून छताखाली छायाजाळी ओढतात, बाजूचे पडदे उघडे ठेवतात व दुपारी तुषार सोडून हवेतील आर्द्रता राखतात. कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने पसरतो. यासाठी पानांची खालची बाजू वरचेवर तपासावी लागते. तोडणी सकाळी लवकर करून फुले लगेच स्वच्छ पाण्यात ठेवतात व पुढे शीतगृहात नेतात.

पावसाची पूर्वतयारी : लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो; पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे गावागावानुसार चर किती खोल असावा, हे वेगळे ठरते. वळवाचा पाऊस येण्यापूर्वी सांगाड्याचे खिळेबोल्ट आवळणे, फाटलेले प्लॅस्टिक बदलणे व चर मोकळे करणे ही कामे उरकावी लागतात. ती राहिल्यास वाफ्यांत पाणी साचून मुळे कुजतात आणि दमट हवेत केवडा व भुरी हे रोग बळावतात.

आखणी : पुष्पशेतीत तारखेपासून मागे मोजत जाण्याला महत्त्व आहे. फेब्रुवारीच्या बाजारासाठी डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास छाटणी करावी लागते. थंडी अधिक असल्यास ती काही दिवस आधी करतात. उघड्यावरील झेंडू पुनर्लागणीनंतर सु. दोन महिन्यांनी फुलतो. म्हणून दसऱ्याच्या फुलांसाठी रोपे पावसाळ्यातच तयार असावी लागतात. गुलाबाची झाडे साधारणतः ५ वर्षे किफायतशीर उत्पन्न देतात. यास्तव कोणते वाफे मोडावयाचे, कोणत्या रंगाची रोपे मागवावयाची व हप्त्यांसाठी किती रक्कम राखावयाची, याचा हिशेब वसंतातील उत्पन्न हाती असतानाच करणे हिताचे ठरते.

जोखीम : फूल साठवून भावाची वाट पाहता येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा ऐन लग्नसराईत बाजार बंद पडून उमललेली फुले फेकून द्यावी लागली. परंतु झाडे जगविण्यासाठी पाणी, खत व तोडणी चालूच ठेवावी लागली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने मावळातील अनेक हरितगृहांचे नुकसान केले. त्यामुळे सर्व वाफे एकाच तारखेस न छाटता काही वाफे स्थानिक बाजारासाठी मागेपुढे छाटणे, तसेच हरितगृहाचा विमा उतरविणे, ही लहान शेतकऱ्याच्या नियोजनाची महत्त्वाची अंगे ठरतात.