नायजरच्या मुखाशी बसलेले गिऱ्हाईक

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, तिरुवल्लिकेणीत ‘मॅन्शन’ म्हणजे हवेली नव्हे. नोकरीसाठी एकट्याने आलेल्या पुरुषांना खोल्या देणारी ती इमारत. तिच्या गॅलरीत सकाळी चौकड्यांच्या सुती लुंग्या वाळत घातलेल्या दिसतात. इथे हे कापड घरात नेसायचे. तिकडे नायजेरियात, नायजर नदीच्या मुखाशी राहणाऱ्या कलाबारी समाजात मात्र असल्याच मद्रासी चौकड्यांवाचून मानाचा प्रसंग पार पडत नाही. हे गिऱ्हाईक लहानसे आणि फार लांबचे, पण त्याने मद्रासचा माल शतकानुशतके सोडलेला नाही.

ईस्ट इंडिया कंपनीला 1639 मध्ये मद्रासच्या रेताड किनाऱ्यावर खेचून आणले ते इथल्या स्वस्त कापडानेच. 1676 मध्ये तिने तिरुवल्लिकेणी गाव गोवळकोंड्याकडून वर्षाला 50 होनांवर घेतले. पुढच्याच वर्षी कर्नाटकच्या मोहिमेवर असलेल्या शिवाजी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडून औषधे आणि विषावरचे उतारे मागवले. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या इंग्रजांनी ते नजराणा म्हणून धाडले! धंद्याचा जीव मात्र कापडातच होता. 1734 मध्ये कूवम नदीपलीकडे चिंताद्रिपेट वसवली, तीही विणकर आणि सूत कातणाऱ्यांसाठी.

आफ्रिकेची वाट रुंद झाली ती इंग्लंडच्या धास्तीने. आपले विणकर बुडतील म्हणून तिथल्या पार्लमेंटने 1700 आणि 1721 मध्ये हिंदुस्थानी छापील व रंगीत कापडावर निर्बंध घातले, पण फेरनिर्यातीला मोकळीक ठेवली. मग लंडनच्या गोदामात उतरलेला माल गिनीच्या किनाऱ्याला निघाला आणि त्याच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली गेली. मद्रासच्या विणकराला याचा पत्ताही नसावा. पण या व्यापाराचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येत नाही. 1807 मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. कलाबारी सरदार पाम तेलाकडे वळले. विकायची वस्तू बदलली, कापडाची मागणी टिकली.

या कापडाला कलाबारी ‘इंजिरी’ म्हणतात. आपण विणलेले कापड तिथे पोचल्यावर पुन्हा घडते. कलाबारी बायका वस्तऱ्याने किंवा चाकूने चौकड्यांतले ठरावीक धागे कापतात आणि अलगद उपसून काढतात. कापड विरळ होते, जुन्या चौकडीतून नवी नक्षी उमटते. याला ‘पेलेते बिते’ म्हणतात. एक धागा चुकीचा तुटला की नक्षी गेली. गिऱ्हाईक मोठे चोखंदळ: माल अस्सल की नक्कल, हे वासावरूनही ओळखणारे. मँचेस्टरच्या गिरण्यांनी हुबेहूब चौकडे काढले, तरी हातमागाच्या कापडाचा मान हटला नाही.

याउलट अमेरिका. पुढे ‘लीला’ हॉटेले काढणारे कॅप्टन कृष्णन नायर 1958 ची एक गोष्ट सांगत. त्यांच्याकडून घेतलेले मद्रास कापड न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्सने विकले. धुतल्यावर रंग उतरू लागला आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग ‘रंग जाणारच’ हीच जाहिरात झाली. ‘ब्लीडिंग मद्रास’ची लाट आली, आणि ओसरलीही. फॅशनवर उभी राहिलेली मागणी फॅशनबरोबर जाते. कलाबारींची मागणी विधींवर उभी आहे.

पण तिलाही खोट आहेच. 1967 ते 1970 नायजेरियात बियाफ्राचे यादवी युद्ध झाले. पुढे सत्तरच्या दशकात नायजेरियाने कापडाच्या आयातीवर बंदी घातली. अशा काळात परदेशी कापड शेजारच्या बेनिनमधून चोरवाटेने आत येई. भाव कुणाच्या हातात राहणार? शिवाय कलाबारी घराण्यांत कापडाच्या पेट्या पिढ्यान्‌पिढ्या जपतात. मयताच्या घरी पलंग आणि भिंती त्यांतल्याच कापडांनी मढवतात, आणि आजीच्या पेटीतल्या जुन्या इंजिरीला दुकानातल्या कोऱ्या तुकड्यापेक्षा जास्त मान असतो. म्हणजे मद्रासच्या निर्यातदाराची स्पर्धा जशी एकेकाळी मँचेस्टरशी होती, तशीच ती त्याच्या पणजोबाने पाठवलेल्या मालाशीही आहे.