दुसऱ्या आकड्याची वाट

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोल्हापूर-सांगलीकडील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात, आणि त्या पाच-सहा महिन्यांच्या हंगामात, फडालगतच्या कोपीत मुक्काम असतानाच, कित्येकींची पाळी चुकते. गावी असती तर आशाताईने तिच्या हाती ‘निश्चय’ संच ठेवला असता. सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब पट्टीवर सोडायचे, पाच मिनिटे थांबायचे. दोन रेघा उमटल्या तर दिवस गेले, नियंत्रणाची एकच रेघ उमटली तर नाही, आणि तीही न उमटली तर तो संचच निकामी.

ही दुसरी रेघ उमटविणारे संप्रेरक म्हणजे ह्यूमन कोरिओनिक गोनॅडोट्रॉपिन, व्यवहारात एचसीजी. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागले की, ज्या पेशींतून पुढे वार घडावयाची असते त्या पेशी हे द्रव्य स्रवू लागतात आणि अंडाशयातील पीतपिंडाला प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा न थांबविण्याविषयी जणू फर्मावितात. तो पुरवठा खंडित झाला तर अस्तर गळून पडावयाचे आणि गर्भही त्याबरोबर जावयाचा. १९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या संशोधकांना याच द्रव्याच्या शोधासाठी स्त्रीची लघवी अल्पवयीन उंदरांच्या माद्यांना टोचून, काही दिवसांनी त्यांची अंडाशये तपासावी लागत. तेच काम आता पट्टीवर पाच मिनिटांत होते.

पट्टी होय किंवा नाही एवढेच सांगते. किती, हे रक्ततपासणी सांगते, आणि घोर लागतो तो तेथूनच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या पाचव्या आठवड्यात हा आकडा १८ असू शकतो आणि ७,००० च्या वरही असू शकतो, आणि दोन्ही गर्भ निकोप असू शकतात. म्हणून जावेचा आकडा पाच हजार आणि आपला तीनशेच, अशी तुलना करून रात्रभर तळमळणाऱ्या स्त्रीला कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे की एकट्या आकड्यावरून निवाडा होत नाही. पाहावयाची असते ती वाढ. पहिला आकडा १,५०० च्या आत असेल तर अठ्ठेचाळीस तासांनी त्यात निदान निम्म्याने भर पडलेली असावी. बहुधा तो दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. आठव्या ते अकराव्या आठवड्यांच्या दरम्यान तो शिखर गाठतो, लाखाच्या घरातही जातो, आणि मग वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन निर्माण करू लागल्यावर उतरतो. त्या उतरणीने भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र आरंभीच्या दिवसांत आकडा उतरला तर गर्भ टिकत नसल्याचा संभव असतो, आणि रेंगाळला तर गर्भ बीजनलिकेत रुजल्याची शंका घ्यावी लागते, जिचे निरसन सोनोग्राफीवाचून होत नाही.

आता हे अठ्ठेचाळीस तास फडावरच्या बाईच्या हिशेबात मांडून पाहा. दोन तपासण्या म्हणजे दोन फेरे, दोन खाडे, आणि खाड्याचा दंड उचलीत जमा. गावी राहिलेल्या बाईला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय तरी आहे. परमुलखात गेलेलीला बहुधा दवाखान्याचा पत्ताही ठाऊक नसतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीतून १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढल्याचे आले, ते खाड्याच्या याच धास्तीशी निगडित आहे. गरोदरपणाच्या तपासणीचा दिवस हजेरीत भरपगारी धरला पाहिजे, असे माझे निःसंदिग्ध मत आहे.

पहिल्या तपासणीचा कागद, त्यावरील तारीख व प्रयोगशाळेचे नाव यांसह, जपून ठेवावा आणि दुसरी तपासणी शक्यतो तेथेच करावी, कारण निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. परंतु पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ आली, अंगावरून रक्त जाऊ लागले, भोवळ आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, तर दुसऱ्या आकड्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, जेथे सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशा रुग्णालयात तिला तत्काळ न्यावे.