यंत्राचा मार्ग आणि सारथ्याचें ज्ञान

घरोघर पार्सलें पोंचविणाऱ्या यूपीएस या कंपनीनें २०१६ पर्यंत अमेरिकेंतील सुमारें ५५,००० मार्गांस ‘ओरायन’ ही संगणकप्रणाली लागू केली. चालकाचे रोजचे थांबे सुमारें १२०. त्यांचे संभाव्य क्रम मोजूं गेल्यास १९९ अंकी संख्या होते. तेव्हां यंत्राचें साह्य अनाठायीं, असें आम्ही म्हणत नाहीं. वर्षाकाठीं दहा कोटि मैल वांचतात, असें कंपनीनें सांगितलें.

चालकांचें गाऱ्हाणें निराळें होतें : एका घरावरून पुढें जावयाचें आणि मागाहून त्याच गल्लींत परतावयाचें, हें त्यांस पटेना. कोणतें दुकान केव्हां उघडतें, कोठें खोळंबा होतो, हें त्यांनीं वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतून जाणलेलें. तें ज्ञान विचारांत न घेतां केवळ आज्ञापालन मागितलें, तर तें हळूहळू लोपेल. म्हणून मार्ग यंत्रानें सुचवावा. परंतु तो बदलण्याचा अधिकार सारथ्याकडे असावा, असें आमचें मत आहे.